महाराजांच्या दाढेचे रक्त थांबले त्याची हकीकत

ज्याने देहात वाटा घातल्या आणि वाटांस काठ दिले, त्यास दंडवत घालून लिहिले जाते ऐसे जे, शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी राज्यात थोर पेच पडला. महाराजांची दाढ किडली आणि गाल सुजून ताप भरला, आणि दाढ उपटावी तर महाराजांचे रक्त जन्मापासून थिजत नसे. मग राजवैद्य कोंडूबाई यांणी केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढे कण सिद्ध केले आणि त्यांवर एक लेप चढविला, की फाटल्या नसेची कड तेवढी ओळखावी, तेथेच बसावे आणि रक्त थिजवावे. परंतु दरबारचा रिवाज ऐसा, की महाराजांपाशी जाणाऱ्याने ओळखीच्या तीन निशाण्या धारण कराव्या. सबनीस रंगोपंत बोलिले, "हुजऱ्यासही तीन लागतात, बाई. हे तर थेट अंगात जाणार." बाईंस रिवाज मोडवेना. मग दुसरा लेप धडधाकट नसेची ओळख देणारा आणि तिसरा रक्ताचीच ओळख देणारा चढविला, आणि आधी एका बोकडाचा कान चिरून त्यास कण टोचून पाहिले. कानाची जखम तत्काळ मिटली आणि घटकाभरात मागचा पाय थंड पडला; धड नसेत रक्ताची गाठ जाहली होती. बाई तो पाय चोळीत बसल्या आणि मनी उमजल्या, की जादा लेप घातक हे आपणांस कळत होते आणि आपण गप्प राहिलो.

"पंत, ओळखी फार जाहल्या. गावभर ओळख असलेला माणूस कामावर पोचतो काय? वाटेतच बैठक मारतो."

"आणि रिवाज?"

"बोकडाच्या पायास हात लावून सांगा."

पंतांनी हात लाविला, मागे घेतला आणि एका लेपाचा परवाना लिहून दिला. मग कण महाराजांच्या दंडात टोचिले आणि दाढ उपटली. रक्त आले, वाटीत पडले आणि पडतच राहिले. मग धार बारीक जाहली, मग थेंब, मग तोही नाही. सारे हर्षले, परंतु बाई खाली बसून महाराजांच्या पोटऱ्या चाचपू लागल्या.

महाराज बोळा धरून बोलिले, "दाढ वर होती, बाई."

"जी. उजवा पाय जरा इकडे करावा."

दोन्ही पाय ऊन होते. तेव्हा कोठे बाई भिंतीस टेकल्या.

सारांश, रक्त थांबविणे ही अर्धी विद्या. उरलेले वाहते ठेवणे ही दुसरी अर्धी. घडले तैसे लिहिले.