गेनूआबांची दोषवही

कान्ह्याचे गेनूआबा भाड्याचं घर दाखवायला नेतात आणि दारात उभं राहूनच त्या घराची बदनामी सुरू करतात. इतर एजंट गिऱ्हाइकाला बाल्कनीतून डोंगर दाखवतात. आबा सरळ मोरीत नेतात आणि कुठली फरशी डुगडुगते ते पायानं दाबून दाखवतात. "जुलैत ही भिंत पाझरती. मालगाडी गेली की भांडी वाजत्यात. आता बगा, पटतंय का."

बरं, मालकाचीच अब्रू काढतात असंही नाही. भाडेकरूचे दोषही ते मालकाला तोंडावर सांगतात. त्यासाठी एक वहीच आहे. डाव्या पानावर घरांचे दोष, उजव्या पानावर माणसांचे. एका बँकेतल्या साहेबांकडून त्यांनी खोदून खोदून वदवून घेतलं, की ते पहाटे पाचला उठून मोठ्यानं गातात. साहेब भयंकर चिडले. घर मात्र मिळालं. मालक ठार बहिरा होता, आणि तेही वहीत होतं.

"दोन्हीकडची दलाली घेतो, मग दोन्हीकडचं खरं सांगाया नको?" असं ते वर विचारतात.

माझी वराळ्याच्या कारखान्यात बदली झाली तेव्हा आम्हीही त्या वहीत शिरलो. कंपनीच्या खोलीत आम्हाला रविवारपर्यंतच राहता येणार होतं. त्याआधी दोन मालकांनी फोनवर 'कांबळे' ऐकलं आणि खोली नुकतीच गेल्याचं सांगितलं. आम्हाला ते नवीन नव्हतं. राग मात्र दर वेळी नवा येतो. आबांनी आमची तासभर उलटतपासणी घेतली आणि लिहिलं, 'पोरं दोन. लय वरडत्यात.' माझी बायको दुखावली, कारण ते खरं होतं.

शनिवारी आबा आम्हाला चार खोल्यांच्या एका मालकाकडे घेऊन गेले. मुलांच्या ओरडण्याचं त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. मालक हसून म्हणाले, पोरं म्हटल्यावर ओरडणारच. मग सहज विचारावं तसं त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. तेव्हा त्यांना आठवलं की गावाकडून भाऊ येणार आहे आणि खोली त्याला लागेल.

आबांनी वही उघडली आणि आमच्या पानावरून सावकाश बोट फिरवलं.

"मी ह्यांचं समदं दोष लिवलंत," ते म्हणाले. "त्यात आडनाव न्हाई."

मग बंडीच्या खिशातून त्यांनी त्या मालकाच्या चारही खोल्यांच्या चाव्या काढून ओट्यावर ठेवल्या. यापुढे तुमची खोली मी कुणालाच दाखवणार नाही, एवढं बोलून ते चपला घालायला लागले.

आमच्या हातात आता एकच दिवस होता. आबा आम्हाला कान्हे स्टेशनमागच्या स्वतःच्या घरी घेऊन आले. मागच्या खोलीत ते एकटे राहतात. पुढच्या दोन खोल्यांना कुलूप होतं. ते त्यांनी जोर लावून उघडलं आणि सवयीप्रमाणे दोष सांगायला लागले. खिडकी नीट लागत नाही. नळ ठिबकतो. मालगाडीनं भांडी वाजतात. मग ते थांबले. मला वाटलं, संपलं.

"अजून एक हाय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आमची मंडळी वारल्यापासनं हितं दिसभर कुणाचा आवाज न्हाई. लय गप घर हाय. मलाच राहवंना, म्हून मागं गेलो."

तेवढ्यात खिडकीत कोण बसणार यावरून आमच्या मुलांचं आत कडाक्याचं भांडण जुंपलं. बायको पुढं झाली आणि म्हणाली, "आबा, आमचा दोष तुमच्या वहीत आहेच. तुम्हाला चालेल ना?"

आबांनी वही काढली. उजव्या पानावरची ती ओळ शोधली आणि पेन्सिलीनं नीट खोडून टाकली. त्यांना पाहून मुलं एकदम चिडीचूप झाली होती.

"गप का बसला रं?" आबा म्हणाले. "वरडा की."