तळाशी दगड

आमचे शेजारी बाबाजीकाका सिनेमाला जात ते भांडायला जावं तसे. आमच्या बेटावरच्या गुडलँड्स गावातल्या थिएटरात दिवे मालवले की दहा मिनिटांत त्यांचा आवाज येई, "आयो, खोटं!"

काका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होते. उसाच्या गाडीत तळाशी दगड दडवलेत का, हे त्यांना लांबूनच कळे. नट-नट्याही ते तसेच जोखत. "ह्याच्या प्रेमात दगड हायत," म्हणत.

एकदा जुन्या काळच्या एका कवीचा सिनेमा आला. कवी दरबारातला, जीव राजकन्येवर. काकींची नजर गेलेली, म्हणून काका बघून येत आणि त्यांना सांगत. या वेळी काकी अडून बसल्या. "गोष्ट ऱ्हाऊ द्या. त्या दोघांचं खरं हाय का, तेवढं सांगा."

काका तीनदा जाऊन आले, तरी नक्की कळेना. शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला त्यांनी मला नेलं.

"बाय, तू शिकलेली. बघ, तो तिच्याकडं बघतो का मधल्या समईकडं?"

मी इंग्रजी शाळेतली. मराठी कळायचं, बोलायचा धीर व्हायचा नाही. आणि प्रेमाबद्दल तर कुठल्याच भाषेत नाही. काका पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत गेले, तिथून भिंतीशी.

"बसा की, तोंतों!" मागून कुणी ओरडलं. तोंतों म्हणजे बेटावरच्या बोलीत काका.

"बसू कसा? समई आड येते!"

परतलो तेव्हा काकी पायरीवर वाटाणे सोलत होत्या.

"मग?"

"अगो, तो तिचं नाव घेतो…" काका अडले.

"कसं घेतो?"

आमच्याकडची जुनी माणसं नवऱ्याचं, बायकोचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षं काकांचं 'अगो' आणि काकींचं 'अवो' यावर संसार चाललेला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईने कुंपणावरच्या बोगनवेलीकडे पाहू लागले.

"भागीरथी," काका म्हणाले. काकींचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. थिएटर हलवणारा तो आवाज कुंपणापर्यंतही पोचला नसता.

काकींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"असं घेतो?"

"असंच."

"मग दगड नाय त्यात," काकी म्हणाल्या. जरा वेळाने शेंग सोलत, मान खाली घालून म्हणाल्या, "परत एकदा सांगा. कसं घेतो?"