अक्कांचं हळदीचं पोतं

शेजारच्या अक्का गावाला गेल्या असताना मी त्यांचं बॉक्सिंगचं पोतं साबण लावून स्वच्छ धुऊन काढलं.

माझी बाजू ऐका. विश्रामबागेत आमच्या दोन घरांमध्ये एक आंबा आहे. त्याला अक्कांनी चिंध्या ठासून भरलेलं पोतं टांगलंय. पोतं हळदीच्या पेठेतलं. अक्कांचा ठोसा बसला की त्यातून पिवळा ढग उठतो आणि थेट आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर उतरतो. ऑफिसात रोज कुणीतरी विचारायचं, "काय, कुणाचं लग्न?"

अक्का साठीच्या, म्हसवडकडच्या. नऊवारीखाली कॅनव्हासचे बूट, हातात नवऱ्याचे ग्लोव्हज. ते फौजेत बॉक्सिंग खेळायचे. ते गेल्यावर अक्का कितीतरी महिने कुणाशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस ट्रंकेतून ग्लोव्हज निघाले आणि आंब्याला पोतं टांगलं गेलं. पहिल्या दिवशी त्या पोत्याला नुसत्या धरून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मारलं.

त्याच आठवड्यात धाकटे दीर उसाच्या रानातला अक्कांचा हिस्सा सोडायचे कागद घेऊन सहीला आले. अक्कांनी ग्लोव्हज न काढताच दार उघडलं.

"सही कशी करू, भावजी? ह्या हातात पेन बसत न्हाई."

दिरांनी ग्लोव्हजकडे पाहिलं, चहा नको म्हणाले आणि गेले ते गेलेच.

"गार्ड वर!" हे अक्कांचं पालुपद. दूधवाल्याला, शिट्टीवर आलेल्या कुकरला, भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या माझ्या बायकोलासुद्धा. पोतं धरायचं काम माझ्याकडे. एकदा मी पोत्याच्या चुकीच्या बाजूला उभा राहिलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "वय काय म्हणालात बाईंचं?"

तर, पुतणीच्या लग्नाहून अक्का परतल्या. पिशवी ठेवली, ग्लोव्हज चढवले, ठोसा मारला. ढग नाही. पुन्हा मारला. नुसता साबणाचा वास.

"हळद कुठं गेली, सायेब?"

"धुतली!" मी छाती काढून सांगितलं.

अक्का पायरीवर बसल्या.

"पोरीला हळद लावाय उठले, तर माझ्या जावा म्हनल्या, सवासनींस्नी लावू द्या, तुमी मागं बसा. म्हनलं, बसते. घरी माझं पोतं हाय."

मी वाण्याकडे पळालो. आणलेली हळद पोत्यात ओतली, त्यातली निम्मी माझ्यावरच सांडली, आणि पोतं मिठीत धरून उभा राहिलो. अक्कांनी डोळे मिटून ठोसा मारला. ढग उठला आणि त्यांच्या कपाळावर, गालांवर, पांढऱ्या केसांवर सावकाश बसला. त्यांनी तो पुसला नाही.

मला भरून आलं. दोन शब्द बोलावेत म्हणून तोंड उघडलं, तर आत हळद गेली.

"आवं, हळद लागली म्हनून नवरदेवावानी लाजताय काय?" अक्का म्हणाल्या. "गार्ड वर! आनि पोतं धरा, पोत्याला लोंबकळू नगा."