ठवरेकाकांचा बिनआवाजी कॉम्प्युटर

ठवरेकाका आमच्या घरी आले की आधी बसत नाहीत, ऐकतात. दारातच चौकटीला हात टेकवून, मान तिरपी करून उभे राहतात. "काका, चहा ठेवू का?" असं माझ्या बायकोनं, मंगलानं, स्वयंपाकघरातून विचारलं तरी उत्तर देत नाहीत. मग सावकाश निदान सांगतात.

"सुधीर, तुहा फ्रिज कण्हून राहिला गा."

आमचा फ्रिज कण्हतो हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि त्या क्षणापासून तो अहोरात्र कण्हायला लागला. दुसऱ्या दिवशी काका सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आले, तो फ्रिजच्या एका पायाखाली सरकवला, फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, आणि घर एकदम गप्प झालं. इतकं, की मंगलाला करमेना. "घरातलं कोणी गावाला गेल्यासारखं वाटते," म्हणाली.

ठवरेकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अंगानं काटक, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. मुलगी लग्न होऊन रायपूरला. घरात ते आणि सुमनकाकू, दोघंच. "मशीन चांगलं तेच गा, जे चालू आहे का बंद हेच समजत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दलही ते हेच म्हणतात, पण जरा वेगळ्या अर्थानं.

तर अशा या काकांनी एक दिवस मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "बर्डीच्या बाजारात येतं का माह्यासंग? कॉम्प्युटर बनवाचा आहे."

"विकत घ्यायचा?"

"विकतचा बोंबलते. बनवाचा आहे. गेमिंगवाला."

आमच्या काकांनी आजवर पत्ते खेळल्याचंही मला आठवत नव्हतं.

दुकानातल्या पोरसवदा विक्रेत्यानं नम्रपणे विचारलं, "नातवासाठी का काका?"

"माह्यासाठी. काहून, मले हात नाहीत?"

त्यानं घाईघाईनं एक काचेची पेटी पुढे केली. आत लाल, हिरवे, जांभळे दिवे पळत होते. काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "लाइटा नाही पाहिजे बावा. गणपती बसवून नाही राहिलो मी." मग त्यांनी एकेक पंखा मागवला, तारा जोडायला लावल्या आणि डावा कान त्याच्याजवळ नेऊन, डोळे मिटून ऐकत बसले. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "तुमचा एसी बंद करा, मधात बोलून राहिला." दुकानदारानं एसी बंद केला. खरेदीला आलेली चार कॉलेजची पोरं घाम पुसत, श्वास रोखून उभी राहिली. अशी शांतता त्या दुकानानं आधी कधी पाहिली नसेल. काकांनी शेवटी सगळ्यांत मोठे पंखे निवडले. "मोठा पंखा हळू फिरते न हवा भरपूर फेकते. लहान्याले तेवढीच हवा फेकाले गरगर फिरा लागते, मंग तो बोंबलते. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाहत नाही का?"

ग्राफिक कार्ड मात्र त्यांनी दुकानातलं सगळ्यांत दांडगं घेतलं. एवढं कशाला, विचारलं तर म्हणाले, "झाडाचं पान न पान दिसलं पाहिजे गा." मला काहीच कळलं नाही. गोळ्या झाडणाऱ्या गेममध्ये पानं कोण बघतो?

नंतरचे काही दिवस त्यांच्या दिवाणखान्यात अंथरलेल्या जुन्या चादरीवर कॉम्प्युटरचे भाग पसरलेले असत. काका व्हिडिओ बघत, थांबवत, परत बघत. प्रोसेसरवर लावायच्या राखाडी मलमावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, सगळीकडे नीट चोपडा. ते म्हणाले, "सावजीचा मसाला आहे का चोपडाले? तुरीच्या दाण्याएवढं ठेवाचं न वरून दाबाचं, आपोआप पसरते." प्रत्येक पंख्याच्या स्क्रूखाली त्यांनी रबराची चकती बसवली, म्हणजे थरथर पेटीत उतरणार नाही. पेटीखाली जुन्या स्लिपरचे चार तुकडे चिकटवले.

एका संध्याकाळी मंगला त्यांच्याकडे वाटीभर साखर आणायला गेली आणि धावत खाली आली. "अहो, काका कॉम्प्युटरची पूजा करून राहिले!"

मी वर गेलो. काका पेटीसमोर उकिडवे बसून उदबत्ती ओवाळत होते. "पूजा नाही गा, हवा पाहून राहिलो." धूर पुढून आत ओढला जात होता, मागून आणि वरून बाहेर पडत होता. "गरम हवा बाहेर गेली पाहिजे. तिथल्या तिथं फिरत राहिली का समजाचं, पाहुणे आले न जाऊन नाही राहिले." मग त्यांनी बटण दाबलं आणि मला म्हणाले, "आता सांग, चालू आहे का बंद?"

मी कान लावला. खरंच कळत नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावर बारशाच्या दिवशी बापाच्या चेहऱ्यावर असतो तसला आनंद होता.

मग मे महिना आला.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी माणसं घरात राहतात ती कूलरच्या जिवावर. खिडकीखिडकीत कूलर घरघरत असतात, आणि ती घरघर थांबली की झोपलेलं माणूस दचकून जागं होतं. त्या दिवसांत मंगलाच्या लक्षात आलं की ऐन दुपारी काकांच्या घरचा कूलर बंद असतो. वीज असते, टाकीत पाणी असतं, खिडकीला वाळ्याची ताटी असते, आणि कूलर बंद.

त्याच सुमारास काकांनी मला वर बोलावलं. ते हवालदिल झाले होते. "दुपारी मधातच बंद पडून राहिला गा कॉम्प्युटर. तापते न बंद होते."

खोलीत पाय ठेवला आणि भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. "काका, कॉम्प्युटर काय, इथं मीच बंद पडेन. कूलर लावा ना!"

"कूलर नाही लावाचा."

"का?"

"ओली हवा. आतले पार्ट खराब होते."

"मग लांब ठेवा."

"आवाज," एवढंच म्हणून ते पेटीकडे वळले. पुढची जाळी काढून त्यांनी पंखे वाढवले, पेटी खिडकीपासून हलवली, पण खोलीतलीच हवा तापलेली असताना पंखे तरी काय करणार?

मी हे घरी सांगितलं आणि मंगला भडकली. कारण सुमनकाकू. मागच्या वर्षी काकूंच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवायचा. आता त्या बाहेरच पडत नसत. कोणी गेलं तर हसायच्या, हातानं बसा म्हणायच्या, फार तर पाटीवर दोन शब्द लिहून दाखवायच्या. ऑपरेशननंतर त्यांना बोलताना आम्ही ऐकलंच नव्हतं.

"आजारी बायकोला भाजून काढून राहिला म्हातारा, गेमपायी," मंगला म्हणाली. "आज मी बोलतेच." पन्ह्याचा तांब्या घेऊन ती जिना चढली. भांडण झालं तर सोडवायला मी मागून गेलो.

हवेसाठी दार उघडंच होतं. दिवाणखान्यात दोघं आमच्याकडे पाठ करून बसले होते. काकूंच्या खांद्यावर ओला पंचा, काकांच्या डोक्यावर ओला रुमाल. समोरच्या पडद्यावर एक मोठं हिरवं खोरं, त्यात नदी, आणि काठानं चाललेला एक घोडेस्वार. घोडा काकांच्या हातातल्या बटणांवर चालत होता.

मंगला तोंड उघडणार, तेवढ्यात एक आवाज आला. आवाज कसला, नुसती खरखर. वाळल्या पानांवरून कोणी दबकत जावं तशी.

"डावीकडे... त्या झाडाकडे... हळू."

"डावीकडे," काका म्हणाले, आणि घोडा वळला.

"कोणतं झाड हो हे?"

"पळसासारखं वाटते."

"पळस नाही... पानं बघा ना. जवळ न्या."

घोडा जवळ गेला. जरा जास्तच जवळ गेला. तिथं कडा होता. घोडा आणि स्वार दोघंही खाली गेले. काकूंचे खांदे गदगदा हलायला लागले. हसण्याला आवाज नव्हता, पण हसणं पूर्ण होतं. हसता हसता त्यांनी मागं पाहिलं, आम्ही दिसलो, आणि त्यांचा हात झटकन गळ्याकडे गेला. चेहरा मिटला.

भांडायला आलेल्या मंगलानं पन्ह्याचे दोन पेले भरले आणि म्हणाली, "उन्हाचं आहे, प्या काकू," आणि मला ओढत खाली घेऊन आली.

संध्याकाळी काका गच्चीवर भेटले. माझ्याकडे न बघता, कठड्यावर हात ठेवून बोलायला लागले.

"ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणे, बोला, थोडं थोडं बोला. ही बोलेच ना. म्हणे, असा आवाज कोणाले ऐकवू? मलेही पाटीवर लिहून दाखवे. मंग पोरगी आली रायपूरहून. तिच्या लॅपटॉपवर हा गेम होता. ही पाहत बसे. एक दिवस मी सहज चालवून पाहिला. घोडा भलतीकडे नेला, न ही एकदम बोलली. 'अहो, तिकडे नाही.' पाटीवर लिहाले वेळच नव्हता ना गा."

कठड्यावरचे हात त्यांनी स्कूटरचं हँडल धरल्यासारखे केले.

"जिंदगीभर असंच तर फिरलो आमी. रामटेक म्हण, अंबाझरी म्हण. मांगं बसून ती सांगे, मी स्कूटर वळवो. पण तो लॅपटॉप बोंबले. मले तिचं समजे ना. मी म्हणो, 'काय?' एकदा 'काय?' म्हटलं का ती बंद. मंग दोन दिवस पाटी."

"पण काका, तुम्हाला तर फ्रिज कण्हलेला ऐकू येतो."

"तेच तर ऐकू येते!" ते कळवळून म्हणाले. "घरघर सगळी ऐकू येते. तिच्यात माणसाचा शब्द नाही सापडत. कान मशीनवर तपासले, उजवा तर गेलाच म्हणे डॉक्टर. सुमनले सांगू नको. तिले वाटन, आपला आवाजही गेला न याचे कानही गेले, आता बोलून काय कराचं."

मंगलाच्या चहाला त्यांनी कधी उत्तर का दिलं नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी मी मंगलाला सगळं सांगितलं. उपाय तिनंच काढला आणि तो इतका सोपा होता की काका खजील झाले. "दुपारी काहून खेळता? सकाळी खेळा. कूलर लागत नाही, कॉम्प्युटर तापत नाही."

"सकाळी गेम? लोक काय म्हणतीन?"

"लोकांचं मी पाहते."

तिनं खरंच पाहिलं. आमच्या घरी चटणीचा मिक्सर आता काकांचं खेळून झाल्यावर लागतो. समोरच्या घरी भक्तिगीतं लावतात, त्यांच्याशी ती काय बोलली मला माहीत नाही, पण देव हल्ली हळू आवाजात जागे होतात. आणि पन्हं द्यायच्या निमित्तानं ती वरचेवर काकूंकडे जाऊन बसायला लागली. आधी काकू पाटी घेत. मंगलाही मग पाटीवर लिहून उत्तर द्यायची. एकदा दोघींना त्याचंच हसू आलं आणि पाटी बाजूला पडली.

जूनच्या तोंडावर एक दिवस मंगला खाली आली ती डोळे पुसत. मी घाबरलो.

"काकू बोलल्या माझ्याशी," ती म्हणाली. "म्हणतात, 'यांचा उजवा कान गेला आहे. मला कळू नये म्हणून किती खटपट करतात. त्यांना सांगू नका. मी आपली खुर्ची डावीकडे घेते.'"

आता दोघांचं गुपित आम्हा दोघांकडे आहे, आणि जिन्यात कोणी भेटलं की मी आणि मंगला भलतंच गंभीर तोंड करून हवापाण्याच्या गोष्टी बोलतो.

सकाळी मी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालतो, तेव्हा वरची खिडकी उघडी असते. कॉम्प्युटर चालू आहे की बंद, ते कळत नाही. काकूंचा आवाज एवढ्या दुरून ऐकू येणं शक्य नाही. ऐकू येतात ते फक्त काकांचे शब्द, मधे मधे जागा सोडून.

"हो, वळलो."

"तो? बगळा असन."

"तिकडे कुठं वं, तिकडे लांडगे आहेत! बरं, बरं, चाल."

मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, अगदी सावकाश, "हा घे, थांबलो. पाहा तू आरामात."