ढेकूळवीराची खरी नक्कल

पुराव्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! बुलढाण्याच्या कोर्टात मी वकिली करतो. खटले हरतो, नाही असं नाही. पण कागद कमी पडला म्हणून एकही हरलेलो नाही.

म्हणूनच ‘विस्मृत वीर चषका’त मी छाती काढून उतरलो. पुण्याच्या विहंग नावाच्या तरुणाने मोबाइलवरच्या ग्रुपात भरवलेली ही स्पर्धा. चित्रकथांमधले कुणालाच ठाऊक नसलेले वीर निवडायचे, त्यांची झुंज लावायची, आणि आपल्या वीराचा पराक्रम छापील पानाचा फोटो टाकून सिद्ध करायचा. पुरावा नाही तर पराक्रम नाही. शिवाय पात्र कुणावरून उचललेलं नको.

माझा वीर ढेकूळवीर! माझे सासरे कचरूमामा जवळच्या धाड गावात ड्रॉइंग मास्तर होते. तरुणपणी त्यांनी स्वतः काढून, स्वतःच छापून घेतलेल्या एकुलत्या एका चित्रकथेचा हा नायक. घाटात ब्रेक निकामी झालेली एसटी तो शेतातलं एक ढेकूळ मारून थांबवतो. कशी, ते मामांनी स्पष्ट केलेलं नाही. पुस्तक तेव्हा कुणी घेतलं नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांत समोरचे आलेच नाहीत, आणि ढेकूळवीर उपांत्य फेरीत पोचला. मामांनी भर बाजारात ज्याला त्याला थांबवून सांगितलं. इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याचा आवाज असा खुललेला ऐकून मला फार बरं वाटलं. आता त्यांना अंतिम फेरी दाखवायचीच!

तेवढ्यात उपांत्य फेरीतली माझी प्रतिस्पर्धी, रेवती नावाची मुलगी, ग्रुपवर आडवी आली.

“ढेकूळवीर होता, याला विश्वसनीय स्रोत काय?”

“माझे सासरे!”

“छापील पान दाखवा, काका.”

काका! मी पुढच्या एसटीने धाड गाठलं. मामांनी ट्रंकेतून पुस्तक काढलं, पण माझ्या हाती दिलं नाही.

“जावईबापू, झेरॉक्स माह्या डोयासमोर काढा. एकच हाये.”

एसटीच्या पानाची झेरॉक्स निघाली. आता नुसती झेरॉक्स पाठवायला मी काय नवखा होतो? कोर्टात करतो तेच केलं. पानाखाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का हाणला, त्यावर झोकात सही केली आणि फोटो टाकला.

रेवतीने लिहिलं, “आभारी आहे, काका. माझं काम झालं.”

लगेच विहंगचा फोन आला. मामांनाही विजय ऐकू यावा म्हणून मी स्पीकर लावला.

“सर, हे पात्र नक्कल आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय.”

“अहो, नक्कल म्हणजे कॉपी!”

“आम्हीही तेच म्हणतोय.”

“तशी कॉपी नाही! मूळ वेगळं आहे!”

“म्हणजे मूळ वीर दुसराच कुणीतरी?”

“मूळ मामांच्या ट्रंकेत आहे!”

“लपवून ठेवलंय?”

मामा ताडकन उठले. शेजाऱ्याच्या चित्रात डोकावणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर बाकावर उभं केलेलं.

“मी कोनाची नक्कल केली बे?” ते फोनवर गरजले. मग माझ्याकडे वळले. “अन् तुमी काऊन लिहून देल्लं? थेबी सहीनं?”

विहंगने निकाल दिला, “नक्कल, आणि तीही खरी! इतका स्पष्ट पुरावा आजवर कुणी दिला नव्हता. ढेकूळवीर बाद. फेरविचार हवा तर दुसरा, स्वतंत्र स्रोत पाठवा.”

मामांनी पुस्तक ट्रंकेत टाकलं आणि न जेवता आडवे झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर बायको, धम्मशीला, म्हणाली, “आता तुमी काईच करू नका. बाबा दुसरा वकील पाहून राह्यले.”

मामांनी सुचिता वकिलांना गाठलं. बाई कामाला पक्क्या. त्यांनी ढेकूळवीर अस्सल असल्याची कडक नोटीस लिहिली, पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स जोडली आणि पुण्याला धाडून दिली. मामा बाजारात पुन्हा ताठ मानेने फिरू लागले.

आज सकाळी ग्रुपवर विहंगचा संदेश आला:

“अपील फेटाळलं. दुसऱ्या स्वतंत्र वकिलांनीही जोडलेल्या पानावर ‘खरी नक्कल’ असंच सही-शिक्क्यानिशी कळवलं आहे.”

तेव्हापासून मामांचे फोनवर फोन येताहेत. मी धम्मशीलेला म्हटलं, “कोर्टात गेलेत म्हणून सांग.”

“रविवारी?” ती म्हणाली. “पुरावा काय?”