मान्य झालेली एकच हरकत

साळवेकाका सकाळी फिरायला निघताना खिशात टेप ठेवायचे. सुताराकडे असते ना, ओढली की खटकन आत जाणारी, तशी. आमच्या कॉलनीमागच्या टेकडीवर महापालिकेचं वनउद्यान आहे. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी मला अडवलं, वाकून माझ्या कुत्र्याची, भुऱ्याची, साखळी मोजली आणि म्हणाले, "बाई, सहा फूट. बोर्डावर चार लिहिलंय. रिजेक्ट."

मी शाळेत शिकवते. पण इतका अपमान माझा कधी शाळा तपासणीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

काका नाशिक रोडच्या प्रेसमध्ये टपाल तिकिटांचे ताव तपासायचे. एका तिकिटाचा एक दाता वाकडा दिसला, की अख्ख्या तावावर लाल फुली. रिटायर झाले, पण फुली काही सुटेना. मग त्यांनी टेकडी तपासायला घेतली. सायकलवाले उतारावर घंटी वाजवत नाहीत, रिजेक्ट. हास्यक्लबवाले हसताना पाखरं उडतात, रिजेक्ट. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या एका पोरीची ओढणी बोरीत अडकली, तर काका ओढणी सोडवायचं राहिलं बाजूला, बोरीचे काटे मोडले का ते बघत बसले. पक्ष्यांचे फोटो काढणारा एक जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून बसायचा. त्याला म्हणाले, "अहो, लाज नाही वाटत पाखराला फसवायला?"

दोन वर्षं हा माणूस साखळी-पट्ट्यावरून माझ्या मागे लागला होता. त्यांची चाहूल लागली की मी आणि भुऱ्या दोघंही झुडपामागे लपायचो.

गेल्या वर्षी महापालिकेने उद्यानाचा आराखडा लावला आणि नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या. झालं! टेकडी एवढीशी आणि मागणारे ढीगभर. सायकलवाल्यांना ट्रॅक हवा, हास्यक्लबला शेड, आम्हा कुत्रेवाल्यांना एक कोपरा, पलीकडच्या वस्तीला शेळ्यांसाठी गवत. काकांना यातलं काहीच नको होतं. त्यांनी एक्केचाळीस हरकती दिल्या. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत, प्रत्येकाची शिक्का मारलेली पोच फायलीत. अर्ज लिहिला की काकूंना मोठ्याने वाचून दाखवायचे. काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "लिहा, लिहा. तेवढा वेळ तरी माझ्या डब्यांची झाकणं तपासत नाही तुम्ही."

त्यातली सतरावी हरकत माझ्यासमोरच वाचली होती. मागचं फाटक कायमचं बंद करावं, कारण तिथून शेळ्या आणि बिनपट्ट्याची कुत्री आत येतात. वाचताना चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आल्या, पण जेवेनात. घास तोंडात धरून भिंतीकडे बघत बसायच्या. एका सकाळी काकांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून टेकडीवर नेलं. पुढच्या फाटकाला पायऱ्या, त्यात मोटारसायकली येऊ नयेत म्हणून आडवे पाइप. खुर्ची काही जाईना. वळसा घालून मागच्या फाटकाने नेलं. ती शेळ्यांची वाट, सपाट. आत शिरलं की लगेच कडुनिंब. त्या कडुनिंबाखाली काकूंनी दुधात बुडवलेलं बिस्कीट खाल्लं.

"तिथे ती खाते हो, बाई," काका मला आमच्या इमारतीच्या जिन्यात म्हणाले. "घरी घास तसाच राहतो. तिथे गिळते." मग रोज ते तिथे जायला लागले. टेप कुठे गेली कोण जाणे, खिशात बिस्किटाचा पुडा असायचा.

चार महिन्यांनी अंतिम आराखडा लागला. त्यात मागचं फाटक बंद.

तो समजावून सांगायला महापालिकेने सभा ठेवली, तिला आम्ही सगळे गेलो होतो. काकांकडे या वेळी फाईल नव्हती, एकच कागद होता. म्हणाले, "मॅडम, मागचं फाटक बंद करू नये."

अधिकारी बाईंनी रजिस्टरची पानं उलटली. "काका, ही सूचना तुमचीच आहे. सतरा नंबर. तुमच्या एक्केचाळीसमधली ही एकच मान्य झालीय."

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले. खोटं कशाला सांगू, बरंसुद्धा वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

काका हसू थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "तो अर्ज लिहिला तेव्हा माझी बायको चालत होती."

अधिकारी बाई वाईट नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "कामाचा आदेश निघालाय, काका. नव्या हरकतींची मुदत संपलीय."

काकांनी मान डोलावली. मुदत म्हणजे मुदत, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. खाली बसताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोकरीभर एक वाकडा ताव हातून सुटला नाही, बाई. हा सुटला."

आठ दिवसांत फाटकाला वेल्डिंग झालं. मग मी अर्ज लिहिला. सायकलवाले, कुत्रेवाले, अख्खा हास्यक्लब, सगळ्यांनी सह्या केल्या. काका तेवढे करेनात. "माझं नाव नको. माझ्या नावाने परत भलतंच मान्य व्हायचं." अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

काका अजूनही रोज सकाळी काकूंना घेऊन त्या फाटकापर्यंत जातात. बाहेरच थांबतात. गजांतून कडुनिंब दिसतो, पण काकू खात नाहीत. मनगटं काडीसारखी झाली आहेत.

परवा मी आतून भुऱ्याला घेऊन तिकडे गेले. त्याने गजांतून तोंड बाहेर काढलं आणि काकूंनी डावा हात पुढे केला. बोटं त्याच्या पट्ट्यात गुंतली.

"बाई," काका म्हणाले.

जुनी सवय. मी घाबरून साखळी आखडली. "सॉरी काका, सहा फुटीच आहे."

"पट्टा काढा त्याचा. तिची बोटं अडकतायत."

मी पट्टा काढला. काकूंचा हात भुऱ्याच्या मानेवरून फिरत राहिला. काका शेजारी भिजवलेलं बिस्कीट धरून उभे होते, काकू तोंड उघडतील म्हणून.