अखेरचा निरोप, सातव्यांदा

माणसाला कायमचा निरोप एकदाच घेता येतो असं जाणती माणसं सांगत आली आहेत, पण त्यांच्यापैकी कोणी संगीत नाटकाचा धंदा केलेला नव्हता. आमच्या लंडनच्या एल्डरमन थिएटरात मुख्य नटी ग्लेनिस मार्चबँक्स यांनी आजवर सहा वेळा कायमचा निरोप घेतला असून प्रत्येक निरोप आधीच्यापेक्षा अधिक कायमचा होता. मी या थिएटरचा व्यवस्थापक आहे. काळा कोट घालून दाराशी उभं राहणं आणि रडणाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवणं हे माझं काम. सहाही वेळा मी स्वतः मनापासून रडलो आहे (पहिल्या तीन वेळा ते पगारात धरलेलं नव्हतं).

पुनरागमनाची रीत ठरलेली आहे. आधी निरोप होतो. मग आम्ही दुसरं नाटक लावतो, ते पडतं. मग बाई परत येणार अशी कुणकुण लागते आणि बाई ती ठामपणे नाकारतात (न नाकारता परत येणं आमच्यात असभ्य समजतात). त्यानंतर तिकीटविक्री सुरू होते. पहिल्या निरोपाची आसवं विसरायला लोकांना चार वर्षं लागली होती, हल्ली दीड वर्षात काम होतं. म्हणजे जनतेची विसरण्याची क्षमता अडीच पटींहून अधिक सुधारली, आणि याचं श्रेय मी कोणत्याही सरकारला देणार नाही.

नाटक 'खडकावरची नेल'. नेलचं वय सतरा. वादळात दीपगृह सांभाळणारा बाप बेशुद्ध पडतो, पोर धावत जिना चढते, दिवा लावते आणि वर उभी राहून ते सगळ्यांना पाठ असलेलं गाणं म्हणते. प्रियकराचं जहाज वाचतं, मध्यंतर होतं, आइस्क्रीम खपतं. बाई पहिल्यांदा नेल झाल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, सहाव्या निरोपाला एकसष्ट. अनुभवाला वाव मिळावा म्हणून दर पुनरागमनाला जिन्याच्या काही पायऱ्या काढण्यात आल्या, आणि सध्या आमचं दीपगृह तळमजल्यावर आहे. गाण्याची पट्टीही उतरत गेली. शेवटचा उंच सूर वगळून त्या जागी बाई क्षितिजाकडे बघतात. ते बघणं फार गाजलं.

एक वय बदललं की बाकीची बदलावी लागतात. प्रियकर फार तरुण दिसला तर लोक काय म्हणतील, म्हणून तो अडुसष्टचा घेतला. बाप त्याच्याहून मोठा हवा, तो सत्त्याऐंशीचा मिळाला (बेशुद्ध पडण्याचा अभिनय तो इतका हुबेहूब करतो की विंगेत नर्स ठेवावी लागते). खलाशांचा नाच आता बसून होतो. नेलच्या आईला लेखकाने पहिल्याच पानावर मारून ठेवलं होतं, मोठा दूरदृष्टीचा माणूस. नाटकाला अखेर प्रगल्भता आली, असं एका समीक्षकाने लिहिलं, आणि ते वाक्य आम्ही दाराबाहेर दिव्यांच्या अक्षरांत लावलं.

आता बदली कलाकाराविषयी. मुख्य नटी आली नाही तर उभं राहायचं, म्हणून संपूर्ण भूमिका पाठ करून जो रोज थिएटरात बसून राहतो त्याला बदली कलाकार म्हणतात. आमची ब्रायनी टेट एकविसाव्या वर्षी या कामावर लागली आणि सहाव्या निरोपापर्यंत एकवीस वर्षं बसून राहिली. तिची खोली पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे आमच्या इमारतीत दीपगृहाचा जिना खरोखर चढणारी ती एकटीच. पडदा वर जाण्याच्या पस्तीस मिनिटं आधी हजेरीची वेळ संपते (तिला आम्ही 'अर्धा तास' म्हणतो, का ते कोणी विचारलेलं नाही). तोवर मुख्य नटी आली नाही तर भूमिका बदलीची. ब्रायनी रोज तोवर मागच्या दाराशी उभी असायची, देव पाण्यात ठेवून. बाई रोज यायच्या. तापात आल्या. घोटा मोडल्यावरही आल्या, तेव्हा नेल लंगडली, आणि त्या लंगडण्याचं कौतुक करणारी पत्रं अजून येतात. येताना त्या ब्रायनीचा गाल थोपटून "कशी आहेस डार्लिंग?" विचारत. आमच्या रंगभूमीवर 'डार्लिंग' म्हणजे नाव आठवत नाही.

ते गाणं एकदा भरल्या थिएटरात म्हणायचं, एवढंच ब्रायनीला हवं होतं. क्रॉयडनला राहणाऱ्या तिच्या आईने त्या दिवसासाठी एक निळा कोट घेऊन ठेवला होता. तो कोट फॅशनमधून गेला आणि यथावकाश परत आला (पुनरागमनाची साथ कपड्यांनाही असते). सहाव्या निरोपाच्या वेळी आमचे निर्माते क्लाइव्ह हॅडो यांनी ब्रायनीला सांगितलं की यापुढे बाई नाहीत, आणि प्रेक्षकांनी तुला एकदा पसंत केलं की नेल तुझी. प्रेक्षकांसमोर उभं राहायला कधी मिळणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्याच निरोपाच्या शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारच्या खेळाला, हजेरीची वेळ संपता संपता, मागच्या दारावरचा फोन वाजला. बाईंची पाठ न्हाणीघरात धरली होती. त्यांनी ब्रायनीला फोनवर बोलावलं.

"ब्रायनी ना? मला उठता येत नाहीये गं. आज तूच जा." मग म्हणाल्या, "तो वरचा सूर मी पंधरा वर्षांत लावलेला नाही. तू लाव."

बाईंना नाव पहिल्यापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

पडद्यापुढे जाऊन बदल जाहीर करणं माझ्याकडे असतं. "आज नेलची भूमिका..." एवढं म्हणताच सभागृहाने सुस्कारा टाकला. लेस्टरहून बस करून आलेल्या एका आजोबांनी विचारलं की मग आम्ही काय बघायचं. एक तृतीयांश लोक पैसे परत घ्यायला उठले, एक तृतीयांश रांग लांब आहे म्हणून बसून राहिले, उरलेल्यांना ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत निळा कोट होता.

विंगेत ब्रायनीने वाद्यवृंदाच्या प्रमुखाला जुन्या पट्टीत वाजवायला सांगितलं.

"वाजवीन. पण झेपेल का तुला?"

"रोज पाच मजले चढते मी," ती म्हणाली.

ते गाणं मी हजारो वेळा ऐकलं आहे. त्या दुपारी ती तळमजल्यावर उभी राहून गायली आणि दीपगृह किती उंच आहे ते मला पहिल्यांदा दिसलं. वरचा सूर लागला तेव्हा आइस्क्रीम विकणाऱ्या मुली आत येऊन उभ्या होत्या. मी रडलो, आणि ते कोणत्याच पगारात बसणारं नव्हतं. टाळ्या थांबेनात. क्लाइव्ह उभे राहून वाजवत होते.

खेळ सुटल्यावर ते माझ्याशेजारी दारात येऊन थांबले. प्रेक्षकांचं मत ते नेहमी असंच घेतात. दोन बायका डोळे पुसत बाहेर आल्या.

"आवाज काय दिलाय हो देवाने," पहिली म्हणाली.

"हो ना. पण बेचाळिशीची तरी असेल. सतराची नेल म्हणजे... नाही शोभत बाई. ग्लेनिस कशी शोभते."

क्लाइव्ह हाडाचे लोकशाहीवादी आहेत. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या वसंतात बाईंचं सहावं पुनरागमन आहे, बाईंनी ते कालच ठामपणे नाकारलं. ब्रायनीचा विसर मात्र पडलेला नाही. तिच्यासाठी लेखकाकडून नेलची आई खास जिवंत करून घेतली आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती त्रेसष्ट वर्षांच्या लेकीला दीपगृहाच्या दाराशी एकच वाक्य म्हणेल, "बाळ, जपून चढ." बदलीच्या जागेवर एकवीस वर्षांची एक गुणी मुलगी घेतली आहे. ब्रायनीच्या आईने कोट घालून येऊ का विचारलं, तर ती म्हणाली, असू दे कपाटात.

ही हकीकत मी ओळखीच्या बऱ्याच जणांना सांगितली. सगळे ब्रायनीसाठी हळहळले, आणि मग सगळ्यांनी आवाज खाली आणून विचारलं, बाईंच्या शेवटच्या खेळाची दोन तिकिटं जमतील का. तुमचीही हळहळ मला दिसते आहे, म्हणून तुमच्या नावाची दोन बाजूला ठेवली आहेत. नको असतील तर कळवा, ती कोणालाही देता येतील. अजून कोणी नको म्हणालेलं नाही.